दोन डाव्या पाकळ्या

आषाढ लागला की माझ्या ओटीवर ओल्या छत्र्यांची रांग लागते. मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि निकालानंतरचा महिना-दीड महिना हा आमच्याकडे ‘पुन्हा बसायचं की नाही’ या प्रश्नाचा हंगाम असतो. आंबे संपतात, फणस पिकून धपाधप पडायला लागतात आणि इंग्रजीत राहिलेली मुलं आपापल्या बापाच्या पाठीमागे लपत माझ्याकडे येतात. बाप बोलतो, मूल पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतं. माझ्या ओटीच्या एका कोपऱ्याला त्यामुळे दर वर्षी खळगा पडतो आणि दर गणपतीच्या आधी मी तो सारवून बुजवते.

गेल्या सोमवारी असाच एक बाप आला. डोक्यावर पोत्याची खोळ, मागे मुलगी. खोळ झटकून दाराशी ठेवली, ओटीवर टेकला आणि म्हणाला, “बाईनू, आता तुमीच काय तो कौल सांगा. चेडवान आक्टोबराक बसाचा काय नाय?”

मुलगी अंगठ्याने जमीन उकरत होती. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ‘कौल’ हा शब्द कानावर पडला आणि नाकात एकदम ओल्या जास्वंदीचा, समईच्या तेलाचा आणि भिजलेल्या घोंगड्यांचा वास भरला. त्यांना म्हटलं, पुढच्या सोमवारी या. बाप समाधानाने गेला. देवसुद्धा पहिल्या सोमवारी उत्तर देत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मी स्वतः इंग्रजीत नापास झालेली आहे. शाळेत मी हे सांगत नाही. मुलांना इंग्रजी बाईंचा धाक वाटावा म्हणून जेवढा खोटेपणा लागतो तेवढा मी करते. पण गावाला ते माहीत आहे, कारण गावाच्या देवाला माहीत आहे.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या वेळी एस. एस. सी.ची एक गंमत होती. इंग्रजीत राहिलात तरी बाकीच्या विषयांच्या जोरावर तुम्ही पास होऊ शकत होतात. मात्र कॉलेजात जायचं तर इंग्रजी सुटलेलं हवं. म्हणजे मी पास होते आणि कॉलेजच्या दाराशी नापास होते. गावात पास होणारी मी पहिलीच मुलगी. आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या, वाडीभर वाटल्या, आणि वड्या लोकांच्या पोटात गेल्यावर दोन दिवसांनी हेडमास्तरांनी मला बोलावून ही दुसरी बाजू सांगितली. ऑक्टोबरला एकट्या इंग्रजीला बसता येईल, फॉर्म नारळी पौर्णिमेच्या आत द्यायचा, केंद्र रत्नागिरी.

घरी येऊन मी हे सांगितलं तर कुणाला कळेचना. आई म्हणाली, अगो पास झालीस ना, मग परत कशाला? झालेलं लग्न कुणी पुन्हा लावतं का? मी समजावत राहिले की मी पास आहे पण पुरती पास नाही. शेजारीपाजारी हळहळले, पण त्या हळहळीत वडी परत द्यावी लागेल की काय अशी शंकाही होती.

त्यात दादूकाका. दादूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मुंबईच्या गोदीत कारकुनी करून परत आलेले, त्यामुळे जगातल्या सगळ्या कागदांचे जाणकार. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की पास झालेल्याने पुन्हा परीक्षेला बसणं यासारखा मूर्खपणा नाही. दुसऱ्या खेपेला नापास झाली तर सरकार पहिलं पासही काढून घेतं. त्यांच्या माहितीतल्या एकाचं असंच घेतलं होतं, घरी शिपाई आला होता. त्या माणसाचं नाव मात्र त्यांना कधीच आठवलं नाही. आईने त्याच दुपारी माझी गुणपत्रिका फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीत तळाशी पुरली. पुढे ती बाहेर निघाली तेव्हा गणिताच्या गुणांवर भातातले टोके फिरत होते.

या सगळ्यात बाबा काही बोलत नव्हते. बाबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. आठ महिने दक्षिणेच्या बंदरांतून मंगळुरी कौलं आणायची आणि पावसाळ्यात गलबत पुळणीवर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून, घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे घराचं गलबत करायचं. त्या चार महिन्यांत बाबा शिंकी बांधत, खुंट्या बांधत, लोणच्याच्या बरण्या एकमेकींना बांधत, म्हणजे वादळात हलायला नकोत. आईला मिठाचं मडकं काढायचं तर आधी खलाशाची गाठ सोडावी लागे. ती गाठ सोडताना आई जे बोलायची ते बाबा ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी गाठ आणखी पक्की मारायचे.

पावसाळा म्हणजे मला अजून सुंभाचा वास आठवतो. भाजलेल्या आठळ्या, सुकट, ओल्या पुस्तकांना येणारी बुरशी, आणि ओटीवर मांडी घालून सुंभ वळणारे बाबा. माझं इंग्रजीचं पुस्तक चुलीवर टांगलेल्या उतवात सुकत टाकलेलं असायचं, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. आजही एखादा इंग्रजी धडा शिकवताना मला बांगड्याचा वास येतो आणि भूक लागते. मुलांना वाटतं बाई धड्यात रंगल्या.

निकालानंतरच्या आठवड्यात बाबांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरात एका साहेबाने त्यांच्या हातात दिलेला, इंग्रजीत टाइप केलेला, खाली शिक्का. दोन वर्षं जपून ठेवलेला. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, “वाच गो. आता तू पास.”

मी कागदाकडे पाहिलं. ‘द’ कळला, ‘ऑफ’ कळला, गलबताचं नाव कळलं. बाकीचे शब्द माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. समोर बाबा उकिडवे बसलेले, हातातला सुंभ थांबलेला. मी घसा साफ केला आणि म्हणाले, तुमचं गलबत फार चांगलं आहे असं साहेबाने लिहिलंय. बाबांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि पेटीत ठेवला. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की तांडेलाच्या गलबताला साहेबाने शाबासकी दिली आहे आणि ती त्याच्या मुलीने वाचून दाखवली. दादूकाकाही येऊन अभिनंदन करून गेले. सुदैवाने चष्मा घरी विसरले होते.

त्या दिवसापासून मला एक काटा टोचायला लागला. कॉलेजचं काय, ते कोल्हापूरला होतं आणि कोल्हापूर घाटापलीकडे होतं. पण तो कागद घरातच होता, माझ्या डोक्यापासून चार हातांवर.

असं सगळं चिघळल्यावर बाबांनी एकच वाक्य उच्चारलं. देवाला विचारू.

आमच्याकडे विहीर खणायची, सोयरीक करायची, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला शोधायची, सगळं गावच्या रवळनाथाला विचारून. दाजी गुरव पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला चिकटवतो. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. म्हशीचं गाऱ्हाणं दाजीला झोपेतही घालता येई. पण एस. एस. सी. त्याला नवीन होती. आदल्या दिवशी घरी येऊन त्याने माझ्याकडून सगळं समजून घेतलं, आणि सोमवारी देवळात खड्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा.”

“व्हय म्हाराजा.”

“ता मॅट्रिक पास झाला, पण इंग्लिश म्हणान जो काय इषय आसा, तेच्यात तेका मार्क उणे पडले.”

“व्हय म्हाराजा,” पंधरा-वीस जणांनी एका सुरात देवाला कळवलं. इतक्या लोकांनी एकदम माझं नापास होणं मान्य केलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

पुढे त्याने देवाला रत्नागिरीचं केंद्र सांगितलं, फॉर्मची मुदत सांगितली, दादूकाकांच्या आग्रहावरून शिपायाचंही सांगितलं. शेवटी विचारलं की या लेकराने बसावं काय? आणि सगळे पाकळ्यांकडे पाहू लागले.

पाकळ्या पडेनात. आषाढाचा पाऊस, पाषाणाला पाझर फुटलेला, जास्वंदीची पाकळी आधीच बुळबुळीत. उन्हाळ्यात जी पाकळी श्वासाने पडते ती पोस्टाच्या तिकिटासारखी बसली होती. अर्धा तास झाला, एक तास झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. दोन म्हातारे टेकून झोपले. दाजीने निकाल दिला की देव इचार करता हा, पुढच्या सोमवारी या.

पुढच्या सोमवारी उजवी पाकळी सरकली. सगळे पुढे झुकले. ती देवाच्या खांद्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. यावर देवळात मोठी चर्चा झाली. दादूकाकांचं म्हणणं, हा अर्धा होकार. दोन पेपर असतील तर एकाला बसावं. आईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. घरी येताना चिखल तुडवत ती मला म्हणाली की देवाला इंग्लिश येत असतं तर एवढा वेळ लागला नसता.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखात होते. पाकळी पडत नाही तोवर मला काही ठरवायचं नव्हतं. कुणी विचारलं, काय करतेस, तर देवाकडे बोट दाखवायचं. मनाशी मात्र रोज उलटसुलट चालायचं. सकाळी वाटायचं बसावं. दुपारी दादूकाकांचा शिपाई डोळ्यांसमोर यायचा. संध्याकाळी बाबा कुणाला तरी त्या कागदाची गोष्ट सांगत असायचे, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिठाच्या मडक्याची गाठ सोडायला बघत बसायचे.

तिसरा सोमवार नारळी पौर्णिमेच्या अलीकडचा. दोन दिवसांनी फॉर्मची मुदत संपत होती, आणि पौर्णिमेनंतर बाबा गलबत पाण्यात लोटणार होते. पाऊस जरा उघडला होता. दाजीने पाषाण कोरड्या फडक्याने तीनदा पुसला. गाऱ्हाणं घातलं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत डावी पाकळी टपकन खाली पडली.

नाही.

दादूकाकांनी ‘मी म्हणत होतो’ अशा अर्थाने खाकरलं. आईने माझा हात धरला. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल, पण तसं वाटलं नाही. तेव्हा कुठे मला कळलं की मला काय हवं होतं.

बाबा उठले. देवापुढे कधी तोंड न उघडणारा माणूस. दाजीला म्हणाले, “आता उलटा इचार. बसाक नको, तर घरात ठेवू काय?”

दाजी चपापला. असं विचारायची रीत आहे, पण देवाने स्पष्ट सांगितल्यावर फार कुणी विचारत नाही. बाबांचा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने नव्या पाकळ्या लावल्या. बा देवा म्हाराजा, हे चेडू आता घरात ठेवू काय? व्हय म्हाराजा.

टपकन डावी पडली.

बसू नको आणि घरीही राहू नको. दाजीने पाकळी उचलून उलटीसुलटी करून पाहिली. इतक्या वर्षांत देव असा अडून बसला नव्हता. दादूकाकांनाही मुंबईतलं उदाहरण सापडेना. सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा माझ्याकडे वळले.

“देवान काय सांगूक नाय. तुका काय वाटता ता तू सांग.”

वड्या खाल्लेल्या सगळ्यांनी जूनपासून मत दिलं होतं. हेडमास्तरांनी, दादूकाकांनी, आईने, गुरवाने, रवळनाथाने. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं तर माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“तो साहेबाचो कागद माका वाचूक येवक नाय,” मी म्हणाले. “मी खोटा वाचलंय.”

“व्हय म्हाराजा,” मागचे दोन म्हातारे सवयीने म्हणाले.

कुणी हसलं नाही. आईने हात सोडला. मी खाली बघत पुढचं सांगून टाकलं. “म्हणान माका बसाचा आसा.”

बाबांनी देवापुढे नारळ ठेवला आणि छत्री उचलली. घरी जाताना ते पुढे, मी मागे. व्हाळाच्या लाकडी साकवावर पाय ठेवायला जागा दाखवायला म्हणून थांबले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, “माका ठावक होता.”

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

“कागदात काय आसा ता. सायबान आदी तोंडान गाळी घातल्यान, मगे कागद दिल्यान. गलबतावरचो दिवो जाग्यार नव्हतो म्हणान.”

मग लोकांना का सांगत सुटलात, असं मी विचारलं. माझा आवाज रडका झाला होता.

“तू वाचलंस म्हणान,” बाबा म्हणाले, आणि साकव ओलांडून गेले.

मी ऑक्टोबरला बसले. रत्नागिरीला चार दिवस राहिले आणि परत आले. आणि पुन्हा नापास झाले. तीन गुणांनी. अशा गोष्टींत शेवटी पास होतात असा लोकांचा समज असतो. मला तो खोटा पाडायचा नव्हता, पण पडला. दाजी गुरव मुद्दाम घरी येऊन सांगून गेला की देवाने पहिलीच डावी दिली होती, नाही ऐकलंत. त्यानंतर गावात देवाचा मान वाढला आणि माझा उतरला. दादूकाका रोज फाटकाकडे बघत शिपायाची वाट पाहत. तो काही आला नाही. आई मात्र कणगीतली गुणपत्रिका वर काढेना.

बाबा तेव्हा दक्षिणेत होते. आईने दादूकाकांकडून त्यांना पत्र लिहवून घेतलं, म्हणजे बातमी जितकी वाईट लिहिता येईल तितकी लिहिली गेली असणार. पंधरा-वीस दिवसांनी उत्तराचं कार्ड आलं. कुणा तरी मराठी कारकुनाने बंदरावर लिहून दिलेलं. वळणदार अक्षर, साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, कौलांचा माल भरणे चालू आहे, मिठाच्या मडक्याची गाठ सोडू नये. आणि सगळ्यात खाली, त्या शुद्ध भाषेच्या तळाशी, कारकुनाने बहुधा नाखुशीनेच, बाबांच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलं होतं:

“पयली डावी झाली. दुसरी आजून आसा.”

मी ते कार्ड चारपाच वेळा वाचलं. घरात ठेवू काय, या प्रश्नालाही देवाने डावीच दिली होती. गाव ते विसरलं होतं, दाजी विसरला होता, मीही विसरले होते. आईला वाचून दाखवलं तर ती उठली आणि कणगीत खांद्यापर्यंत हात घालून माझी गुणपत्रिका बाहेर काढली. मार्चला मी कुणालाच न विचारता बसले, आणि या खेपेला इंग्रजी सुटलं.

पुढच्या पावसाळ्यात, मी कोल्हापूरला कॉलेजात जायच्या आधी, बाबांनी तो कागद परत माझ्यापुढे धरला. मी नीट वाचला, शब्दाला शब्द लावून. दिवा योग्य जागी नव्हता, पुन्हा असं झाल्यास कारवाई होईल. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“गलबत बरा आसा, ता खंय लिवला हा?”

मी म्हटलं, ते नाही लिहिलेलं.

“लिवक होया होता,” असं म्हणून त्यांनी घडी केली आणि पुन्हा सुंभ वळायला घेतला.

आता बाबा नाहीत. गलबताची लाकडं कुणाकुणाच्या गोठ्यांना लागली. मला पावसाळ्यात अजूनही बरण्या बांधून ठेवायची सवय आहे, आणि गाठ मला सोडता येत नाही.

आज सोमवार. बाप आणि मुलगी वेळेवर आले. खोळ झटकली, बाप टेकला, मुलीचा अंगठा जुन्या खळग्यात बरोबर जाऊन बसला. बापाने पुन्हा प्रश्न विचारला. मी त्याच्याकडे न बघता तिला म्हटलं, तुका काय वाटता गो? बापच उत्तर द्यायला लागला तसं त्याला हाताने थांबवलं.

पोरीने बराच वेळ घेतला. पागोळ्या गळत होत्या, मला काही घाई नव्हती. शेवटी तिने मान वर केली. “बाई, माका इंग्लिश मुळीच आवडणा नाय.”

“बरां. मगे?”

“पण बसतंय.”

बाप गोंधळला. मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खोळ उचलली आणि दारातून मागे वळून म्हणाला, म्हणजे आता देवाक इचारूक नको काय?

“इचारा की,” मी म्हटलं. “पण तेका आदी सांगा, चेडवाक इचारून झाला हा.”